मला बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मॅडम, मी लातूर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवद बसलं तेव्हा मी सातवीत होते. मी आणि आई वाचलो, धाकटा भाऊ गेला. मोठा भाऊ त्या रात्री पुण्याला होता. इतकी वर्षं झाली, तरी पोरांच्या हातून थाळी पडली की मला घाम फुटतो, छाती धडधडते, पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहतात. ढिगाऱ्याखालचं स्वप्न पडून पहाटे साडेतीन-चारला दचकून उठते, भिंतीला हात लावून बघते, मग उजाडेपर्यंत झोप नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पीटीएसडी लिहिलं आणि झोपताना प्राझोसिन घ्यायला सांगितलं. पहिल्याच रात्री लघवीला उठले तर डोळ्यांपुढं अंधारी आली, दाराला धरून खाली बसले. मेडिकलवाला म्हणाला, ही तर बीपीची गोळी. मला बीपी नाही. चार दिवसांनी बंद केली. नणंद म्हणते, माझी प्रोप्रॅनोलॉल घेऊन बघ, माझ्या हाताची थरथर तिनंच थांबली. मला दमा आहे, पंप जवळ असतो. भाचा बी. फार्म. करतो. तो म्हणाला, "आत्या, तुझ्या मेंदूत नॉरएपिनेफ्रिन जास्त झालंय आणि आजीच्या मेंदूत कमी." आईला दोन वर्षांपासून अल्झायमर आहे. माझंही तसंच होणार का? नवरा चांगला आहे, पण म्हणतो, "तीस वर्षं झाली, आता विसर की." मला वेड लागत चाललंय का?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्हाला वेड लागलेलं नाही, लागत चाललेलंही नाही. चिठ्ठीवरचं पीटीएसडी म्हणजे जीवघेण्या आघातानंतर मनात मागं राहिलेला त्रास.

आणि दुसरी गोष्ट थांबण्यासारखी नाही: नणंदेची गोळी घेऊ नका. अर्धीसुद्धा नाही. प्रोप्रॅनोलॉलनं हृदयाचे ठोके कमी होतात, हाताची थरथर थांबते, पण त्याच गुणानं श्वासनळ्याही आवळल्या जातात. दमा असलेल्या माणसाला एका गोळीनंही जोराचा अटॅक येऊ शकतो. त्या वेळी हाताशी असलेला पंपही नीट लागू पडत नाही, कारण पंपातलं औषध जिथं जाऊन काम करतं ती जागाच या गोळीनं अडवून ठेवलेली असते. नणंदेला ती गुणाची आहे, तुम्हाला घातक. हे तिलाही आजच सांगा, म्हणजे ती मायेपोटी पुन्हा पुढं करणार नाही.

आता भाच्याच्या शब्दाकडं येते. नॉरएपिनेफ्रिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही एकाच रसायनाची दोन नावं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायनं वापरतात, त्यातलं हे एक. मला या रसायनाइतकंच त्याच्या घराचं अप्रूप वाटतं. मेंदू जिथं निमुळता होत पाठीच्या कण्याला जोडला जातो, त्या देठासारख्या भागात डाव्या-उजव्या बाजूला एकेक बारीक निळसर ठिपका असतो. लोकस सेरुलियस हे त्याचं नाव, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच निळी जागा. सगळ्या मेंदूत चेतापेशी साधारण ८,६०० कोटी. या दोन ठिपक्यांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास. पण त्या मूठभर पेशींचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर आणि खाली कण्यातही पसरलेले असतात. १९६४ साली डालस्ट्रोम आणि फुक्से या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी ही रसायनं चमकून दिसतील अशी युक्ती वापरून मेंदूतला त्यांचा नकाशा काढला, तेव्हा हा पसारा डोळ्यांना दिसला.

या ठिपक्याचं काम तुम्हाला एका शब्दात सांगता येईल, कारण तो शब्द तुमच्याच भागातला आहे: जागल. ज्वारी हुरड्यावर आली की शेतावर जागलीला जातात ना, तसं. जागलीवरचा माणूस रात्रभर आरडाओरडा करत नाही. बसलेला असतो, कान उघडे ठेवून. खसफस झाली की उठतो, बॅटरी मारतो, काही नसेल तर पुन्हा बसतो. निळ्या ठिपक्यातल्या पेशी अशाच चालतात. जागेपणी संथ, एका लयीत. काही नवं, महत्त्वाचं किंवा धोक्याचं समोर आलं की क्षणभर जोरात. मग पुन्हा संथ. झोप लागली की आणखी हळू. आणि ज्या झोपेत आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात, तिच्यात तर त्या जवळजवळ गप्पच होतात. मेंदू दिवसभराचं भलंबुरं लावून ठेवत असतो तेव्हा जागलीवरच्यानं मध्ये ओरडायचं नाही, अशी शरीराचीच व्यवस्था आहे.

त्या रात्रीचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक उशिरा आडवे झाले होते. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूतल्या त्या ठिपक्यानं तेव्हा जेवढी म्हणून हाक देता येते तेवढी दिली असणार. भीतीच्या क्षणी नॉरएपिनेफ्रिनचा लोंढा मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागात जातो आणि ती आठवण खोल कोरली जाते. लॅरी काहिल आणि जेम्स मॅक्गॉ यांनी १९९४ साली हे माणसांत दाखवून दिलं. त्यांनी लोकांना चित्रांसोबत एका मुलाच्या अपघाताची गोष्ट ऐकवली. आठवड्यानं विचारलं तेव्हा औषध न दिलेल्या लोकांना गोष्टीतला काळजाला भिडणारा भाग जास्त आठवत होता. ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिली होती, म्हणजे नॉरएपिनेफ्रिनचा एक रस्ता बंद केला होता, त्यांना तो भाग बाकीच्या गोष्टीइतकाच आठवला.

म्हणून "विसर की" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मनापासूनचं असलं तरी ते जमणारं नाही. ही आठवण तुम्ही धरून बसलेल्या नाहीत. ती कोरली गेली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

मग थाळी पडते तेव्हा काय होतं? तुम्हाला कळतं की ती थाळी आहे. कळूनही घाम फुटतो, आणि याचीच तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटत असावी, असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं. ताई, कपाळामागचा मेंदू, जो विचार करतो, सबुरी ठेवतो, "अगं, थाळीच आहे ती" असं सांगतो, त्याला नॉरएपिनेफ्रिन बेतानं लागतं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. बेताचं असलं की ते पेशींवरच्या अल्फा-२ नावाच्या कुलपांना किल्लीसारखं लागतं आणि डोकं लख्ख चालतं. एकदम भरमसाट आलं की अल्फा-१ नावाची दुसरी कुलपं उघडतात आणि विचार करणारा भाग तेवढ्यापुरता मागं सरतो. समोर साप असेल तर ते बरोबरच आहे, तिथं विचार करत उभं राहायचं नसतं. तुमच्यात बिघाड आहे तो एवढाच की हा बदल थाळीच्या आवाजानंही होतो. पीटीएसडी असलेल्या लोकांच्या कण्यातलं पाणी तपासलं तेव्हा त्यात नॉरएपिनेफ्रिन इतरांपेक्षा जास्त सापडलं आहे. रात्री गप्प व्हायला हवी ती जागल त्यांच्यात नीट गप्प होत नाही, असं मानलं जातं. पहाटेच्या बाजूला स्वप्नांची झोप लांबत जाते, तेव्हा तुम्हाला साडेतीन-चारलाच जाग येण्यात तिचाही हात असणार. (उशाजवळचं घड्याळ मात्र काढून ठेवा. दचकून उठल्यावर ३:५६ च्या आसपासचे आकडे बघणं म्हणजे भीतीला पुरावा दिल्यासारखं होतं.)

आता तुमच्या डॉक्टरांनी काय केलं ते बघा. प्राझोसिन अल्फा-१ ची कुलपं अडवते. रक्तवाहिन्यांवरही हीच कुलपं असतात, म्हणून ती आधी बीपीसाठी आली. पण ती मेंदूतही पोचते. अमेरिकेत सिएटलला मरे रास्किंड या मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांना ती दिली आणि त्यांची वाईट स्वप्नं कमी झालेली पाहिली, तेव्हापासून ती यासाठी वापरात आहे. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, त्याला अर्धंच माहीत होतं. तुमच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत हे समजावलं असतं तर तुमचे हे हाल झाले नसते. आम्हा डॉक्टरांची ही चूक मी रोज बघते आणि मला तिचं वाईट वाटतं.

खरं ते सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं: ही गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात प्राझोसिन आणि नुसती साखरेसारखी गोळी यांत फरक दिसला नाही. त्याआधीच्या लहान अभ्यासांत फायदा दिसला होता. माझं मत असं की जिचा मुख्य त्रास दुःस्वप्नं आणि दचकून उठणं आहे, तिनं डॉक्टरांच्या नजरेखाली ती नीट, पुरेसे दिवस घेऊन बघणं योग्य आहे. चार रात्रींवरून काहीच ठरत नाही.

तुम्हाला आलेली अंधारी हा या गोळीचा ओळखीचा दोष आहे. पहिल्या डोसानंतर आणि डोस वाढवल्यानंतर उठून उभं राहताना बीपी एकदम खाली येतं. म्हणूनच उरलेली पट्टी स्वतःच्या मनानं पुन्हा सुरू करू नका. खंड पडल्यावर पुन्हा सर्वांत लहान डोसापासून चढावं लागतं, आणि तो डोस डॉक्टरच ठरवतील. गोळी सावकाश विरघळणारी असेल तर मोडून अर्धी करायची नसते, तेही विचारून घ्या. सुरू झाल्यावर रात्री उठताना आधी कुशीवर वळा, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, मगच उभ्या राहा. संडास-बाथरूम घराबाहेर असेल तर पहिले आठ दिवस यजमानांना उठवा. सोबत जाण्यात कमीपणा नाही.

बीपीचं औषध आणि मन यांचं नातं काही परदेशातून आलेलं नवं खूळ नव्हे. आपल्याकडची सर्पगंधा तुम्ही ऐकली असेल. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहून दाखवून दिलं की या मुळीनं बीपी उतरतं. जगातल्या डॉक्टरांचं लक्ष त्या लेखानं सर्पगंधेकडं वळलं. १९५२ मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. ते पेशींमधला नॉरएपिनेफ्रिनचा साठाच रिकामा करतं. बीपी उतरलं, बेभान रुग्ण शांत झाले, आणि काही लोक मात्र खोल उदास झाले. नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा, हा विचार पुढं आला त्यामागं ही एक मोठी खूण होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्यासारख्या बायकांना "शांत झोपेसाठी सर्पगंधा घे" म्हणणारे भेटतात. मुळी आपली असली तरी ती औषध आहे आणि जोरकस औषध आहे. प्राझोसिनसोबत तर ती अजिबात नको.

भाच्याचं "तुझ्यात जास्त, आजीत कमी" हे म्हणणं अभ्यासाची पहिली पायरी म्हणून ठीक आहे, पण त्यावरून तुम्ही रात्ररात्र काळजी करावी इतकं ते खरं नाही. हे काही पिंपातलं पाणी नाही की जास्त उपसलं म्हणून लवकर आटलं. निळ्या ठिपक्यातल्या पेशी हे रसायन रोज नव्यानं तयार करतात, वापरलेलं बरंचसं परत आत ओढूनही घेतात. ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी हे परत ओढणं शोधून काढलं आणि त्यांना १९७० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नैराश्यावरच्या आणि मधुमेहातल्या पायांच्या आगीवरच्या काही गोळ्या हे परत ओढणंच थोपवतात.

तुमच्या आईचं दुखणं वेगळं आहे. अल्झायमरमध्ये टाऊ नावाचं प्रथिन पेशींच्या आत गुंता करून बसतं. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी शेकडो मेंदू तपासून दाखवलं की तो गुंता अगदी सुरुवातीला जिथं दिसतो, त्यातली एक जागा म्हणजे हाच निळा ठिपका. काही माणसांत तर विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षं आधी. पुढं तिथल्या पेशी मरत जातात. कंपवातातही तिथल्या पेशी मरतात. म्हणजे तुमच्यात जागलीवरचा माणूस आहे, पण बसायला तयार नाही. आईंच्यात जागलीवरची माणसंच कमी होत चालली आहेत. एकातून दुसरं आपोआप होत नाही.

पीटीएसडी असलेल्यांत उतारवयात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं असे अभ्यास आहेत. हे मी लपवणार नाही, भाचा उद्या कुठंतरी वाचून सांगेलच. पण जास्त प्रमाण म्हणजे ठरलेलं भविष्य नव्हे. झोप सुधारणं, बीपी-साखर आटोक्यात ठेवणं, चालणं, माणसांत राहणं, या गोष्टी तुमच्या हातात आहेत. त्यातली शेवटची तर तुम्ही रोज वीस-पंचवीस पोरांमध्ये करताच.

गोळी हा उपचाराचा एक हिस्सा झाला. पीटीएसडीवर सगळ्यात भरवशाचा उपचार बोलण्याचा आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ काही आठवडे, ठरावीक पद्धतीनं, तुम्हाला त्या आठवणीजवळ थोडं थोडं घेऊन जातात. पूर्ण सुरक्षित जागी, तुमच्या चालीनं. ढिगाऱ्याची आठवण पुसली जात नाही. ती येते आणि अंगाला घाम न फोडता जाते, एवढं होतं, आणि ते फार मोठं असतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पहाटे चारला भिंतीजवळ एकट्या उभ्या असाल आणि जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी हा नंबर लावा. तुमच्या डॉक्टरांकडून थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. धडधड आणि घाम तिथूनही येतात.

घरी काय करायचं ते थोडक्यात. चहातलं कॅफिन याच जागलीला डिवचतं, म्हणून दुपारी चारनंतर चहा नको, आणि पहाटे झोप गेली म्हणून लगेच चहा ठेवणं तर नकोच. दचकल्यावर श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशींपासून निळ्या ठिपक्याकडं थेट रस्ता जातो, हे २०१७ साली उंदरांत दिसलं आहे. मोजून श्वास घेणं अवघड वाटत असेल तर तुम्हाला येत असलेली जात्यावरची ओवी हळू आवाजात म्हणा. ओळ लांबवताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि ओळ आठवावी लागते म्हणून डोकंही हाताशी येतं. यजमानांना सांगा की स्वप्नात ओरडलात तर अंगाला धरून हलवायचं नाही. आधी दिवा लावायचा, थोड्या अंतरावरून नावानं हाक मारायची, "घरी आहेस, मी इथं आहे" म्हणायचं. अनंत चतुर्दशीच्या आसपास त्रास वाढतो का, याकडं लक्ष ठेवा. वाढत असेल तर त्या आठवड्यात भावाला बोलावून घ्या, आणि धाकट्याची आठवण सगळे मिळून, मोठ्यानं, दिवसाउजेडी काढा. अंगणवाडीत मदतनीसताईंना विश्वासात घ्या. पोरांनाही सांगता येतं: "बाईंना मोठा आवाज आला की भीती वाटते, मग त्या लांब श्वास घेतात." लहान मुलं हे फार सहज समजून घेतात.

डॉक्टरांकडं या आठवड्यातच जा. पंप आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या, किती घेतल्या आणि केव्हा बंद केल्या ते सांगा, अंधारी आल्याचं सांगा, दमा आहे हे स्पष्ट सांगा. आणि पहाटे उठून भिंतीला हात लावून बघता, ही गोष्ट तुम्ही मला लिहिलीत, ती त्यांनाही सांगा.